न मागणारा माणूस

नोनौती, ९ फेब्रुवारी १९८६

बाउरो,

बाबा गेल्यापासून मी तुला लिहिलेलं नाही. आताही लिहिणार नव्हते. पण एका प्रश्नाचं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे. ते आलं की पुन्हा गप्प बसू.

परवा बोट आली. पीठ, साखर, रॉकेल उतरलं आणि एक माणूस उतरला. पंचविशीच्या आतला. एका हातात पत्र्याची पेटी, बगलेत गुंडाळलेली चटई. वाटलं, शाळेवरचा नवा मास्तर असेल. त्याने कोणाला काही विचारलं नाही. किनाऱ्यावरून सरळ मानेआबाकडे, गावाच्या सभाघराकडे गेला, वळचणीखाली वाकला, आत शिरला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

आपल्या घराण्याच्या जागेवर, बाउरो. पश्चिमेकडून तिसऱ्या खांबापाशी, जिथे बाबा बसायचे आणि त्यांच्याआधी आजोबा. मानेआबात गावातल्या प्रत्येक घराण्याची जागा आहे आणि एकीवरही खूण नाही. पाहुण्यांची जागा वेगळी, ती रिकामी होती. तिकडे त्याने पाहिलंही नाही. खांब मोजतानाही मला दिसला नाही.

बसायला त्याने चटई पसरली. लहान मुलाला निजवायला असते तेवढी. तिच्यावर तो मावेना. पोरं हसली.

गावातल्या इओबी आजोबांनी रीतीप्रमाणे आधी शहाळं दिलं, त्याचं पिऊन होऊ दिलं, मग विचारलं, "कोणाचा?"

"कोरीरीचा," तो म्हणाला. "माझं नाव नाकिबाए."

बापाचं नाव आपल्या बाबांचं आणि स्वतःचं आपल्या आजोबांचं. नाव काय, कोणालाही कोणाचंही ठेवता येतं. पण सगळा मानेआबा माझ्याकडे बघू लागला. मी आईकडे पाहिलं. तिला आता दिसत नाही, तरी विणते. तिची बोटं थांबली नाहीत. तिने ऐकलं नसावं, असं मी धरून चालले आहे.

तर प्रश्न असा. तू आणि बाबा नौरूच्या मजूरचाळीत एका खोलीत बारा वर्षं राहिलात. तिथे बाबांना मुलगा होता का? हो किंवा नाही. एका शब्दाचं काम आहे.

ऑगस्टमध्ये जमिनीचं कोर्ट येणार आहे. बाबांची जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. दोन नावं चढायची होती, तुझं आणि माझं. तिसरं आलं तर माडांच्या पट्टीचे तीन तुकडे होतील, ते एकवेळ चालेल. बाबाईच्या अळवाच्या खड्ड्याचे तीन कसे करणार? गोड्या पाण्यापर्यंत खणत नेलेला, चार पिढ्यांनी पानं आणि माती घालून जोपासलेला खड्डा. बाबा गेल्यावर तो मी राखला. कंबरेएवढ्या चिखलात मी उतरते, तू नाही. त्यातला एकेक कंद मला माणसासारखा ओळखीचा आहे. तो मी कोणा उपऱ्याला देणार नाही.

उत्तर टपालात टाकू नकोस. टपाल सगळ्यांसमोर वाटतात आणि आई तिथल्या तिथे वाचायला लावते. बोटीवरच्या बेनिआमिनाच्या हाती दे.

रोतिया


६ एप्रिल

बाउरो,

बेनिआमिनाने तुझं खोकं आणून दिलं. डबाबंद मांस, साबण, माझ्यासाठी फुलाफुलांचं कापड. पत्र नाही. मी खोकं दोनदा उपसलं. साबणाच्या वड्यांवरचे कागदसुद्धा उलगडून पाहिले.

माझं पत्र तुला मिळालं का, असं बेनिआमिनाला विचारलं. म्हणाला, त्याच्यासमोरच वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि म्हणालास, खोकं भिजू देऊ नको. एवढंच.

'नाही' लिहायला काही लागत नाही. तू ते लिहिलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलं आहे.

तो ताबेरा आत्याकडे राहतो. आत्याने पहिल्या दिवशीच त्याला भाचा करून टाकला. मी तिला म्हटलं, "आत्या, कशावरून?"

"कान बघ त्याचे. कोरीरीचे कान आहेत."

"कान सगळ्यांना असतात."

"तुझ्या नवऱ्याला नव्हते वाटतं. नाहीतर लग्नाआधी गावाचं ऐकून शहाणा झाला असता."

रुआता शेजारीच बसला होता. मोठ्याने हसला. घरात मला साथ नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

बोलताना तो तुवालूकडचा हेल काढतो. आई तिकडची होती म्हणतो, नौरूतच गेली, गेल्या वर्षी. मग तिकडे का नाही गेलास, असं मी विचारलं. म्हणाला, आईचे भाऊ ओळख दाखवत नाहीत. मी म्हटलं, त्यांनाही काही कारण असेल. त्याला राग येत नाही. मला राग न येणाऱ्या माणसाची भीती वाटते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तो काही मागत नाही.

तुला आपल्या गावाची आठवण असेल तर ह्याचा अर्थ कळेल. तुझं खोकं आलं त्या दिवशी मी कापड चटईखाली दडवलं, तरी चुलतसासूला वास लागला. आली, बसली, हवापाण्याचं बोलली आणि उठताना म्हणाली, बुबुती, ते मांसाचे डबे. आपल्या माणसाने तोंड उघडून मागितलं की नाही म्हणता येत नाही. दिले. गेल्या महिन्यात रुआताचं जाळं असंच गेलं. त्याआधी माझा कंदील. मीही गप्प बसत नाही, चुलतसासूची शिवणाची सुई माझ्याकडे आहे. असंच चालतं. वस्तू घरोघर फिरतात आणि कोण कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक राहतं.

हा माणूस मीठ मागत नाही. गळ मागत नाही. आपल्या माडाखाली पडलेला नारळ उचलत नाही. खडकावर जाऊन स्वतःच्या दोरीने मासे धरतो आणि जास्तीचे आत्याच्या चुलीशी ठेवतो. मी त्याच्या पेटीत डोकावले. काडेपेटी संपली होती. समोरच्या घरात चूल धडधडत होती, तरी तो मासा कच्चाच खाऊन झोपला.

रुआता म्हणतो, "न मागणारा एक तर साहेब असतो नाहीतर चोर."

मी म्हणते, तो साठवतोय. लहानसहान मागून तोंड बाटवायचं नाही आणि ऑगस्टमध्ये एकदाच मागायचं. ते मागेल तेव्हा गाव माझ्याकडे बघेल. दिलं तर खड्डा जाईल. नाही म्हटलं तर मी आपल्या माणसाला नाही म्हणणारी बाई ठरेन.

तो आपला माणूस असेल तर. ते तू सांगायचं आहेस.

रोतिया


२५ मे

बाउरो,

पुन्हा खोकं. पुन्हा पत्र नाही. ह्या वेळी मी कागद उलगडले नाहीत.

मी त्याला मागायला लावायचा प्रयत्न केला. तंबाखूची कांडी त्याच्या येण्याच्या वाटेवर ओट्याच्या कडेला ठेवली. त्याने ती उचलून आत सरकवली, वाऱ्याने पडू नये म्हणून. माडीची काकवी उकळताना त्याला चुलीपाशी बसवून ठेवलं. शिंपल्यातली काकवी मी बोटाने चाटली. तो धुराकडे बघत राहिला. खडकाने त्याचा पाय कापला त्या दिवशी मी दारातच होते, हातात जुनं कापड घेऊन. त्याने स्वतःच्या शर्टाची बाही फाडली. बाउरो, त्याच्याकडे दोनच शर्ट आहेत.

मागितलं असतं तर मी दिलं असतं. आणि दिलं असतं तर त्याला आपला म्हणून कबूल केल्यासारखं झालं असतं. आता मला वाटतं, मी त्याची परीक्षा घेत होते की स्वतःसाठी सापळा लावत होते, कोण जाणे.

रुआताचा गुडघा पुन्हा सुजला. माडीचे माड बंद पडायची वेळ आली. दोन दिवस फुलोऱ्याची पोय कापली नाही की ती वाळते, मग पुढल्या पोयीची वाट बघा. हा सांगितल्याशिवाय चढू लागला. सकाळ-संध्याकाळ पोय कापतो, करवंट्या बदलतो, माडी माझ्या दारात ठेवतो. स्वतः एक घोट घेत नाही. रुआता आता त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. माडी मिळाली की रुआताला सगळी माणसं चांगली दिसतात.

काल संध्याकाळी मी विहिरीवर होते. माडावर चढलेला माणूस गातो, खाली अंघोळ करणाऱ्या बायकांना कळावं की वर कोणी आहे. तो गात होता.

आई, चूल विझवू नकोस,
माझी होडी अजून खडकाबाहेर आहे.

बाबांचं गाणं. त्यांनी स्वतः बांधलेलं. आपल्या घराबाहेर ते कोणी गात नाही, कोणाला येतच नाही. मी भरलेला डबा खाली ठेवला आणि उभी राहिले. दुसरं कडवं झालं. तिथे गाणं संपतं. तो थांबला नाही. तिसरं कडवं गायला.

ते मी इथे लिहीत नाही.

रात्रभर एकच विचार केला. नौरूत पोय कापायला माड कुठे होते? चाळीत राहणारा माणूस कोणत्या माडावर चढून गात होता, आणि ह्याने ते ऐकलं कुठे? बाबांकडून, असं आत्या लगेच म्हणेल. पण आणखी एका माणसाला ते गाणं येतं. त्याच माणसाला आपला खांब ठाऊक आहे, आजोबांचं नाव ठाऊक आहे. तो माणूस माझ्या पत्राचं उत्तर देत नाही आणि साबण पाठवतो.

कोर्टात मी एकटी असेन. तुमचे हिस्से दोन असतील. तुला इथे यायचं नाही, पण तुझा माणूस इथे हवा आहे. नौरूत आता फार काम उरलेलं नाही, असं बेनिआमिना म्हणतो. तुला परतायला जागा लागेल, खड्डाही लागेल. मग ह्याला पुढे धाडायचं, ह्याने हिस्सा घ्यायचा आणि तुला द्यायचा. असंच ना?

तो तुझाच मुलगा असेल, असंही मनात आलं. पण सतरा वर्षांपूर्वी तू इथून गेलास तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असणार. वय जुळत नाही. जुळलं असतं तर तेही विचारलं असतं.

रोतिया


२ जुलै

बाउरो,

तुझं नाव त्याच्या तोंडून निघालं. त्याने सांगितलं नाही, निसटलं.

मी पहाटे खड्ड्यावर गेले. काठावर तो उभा होता. मला वाटलं, आज सापडला. पण तो खड्ड्याकडे पाठ करून उभा होता, कोणी शिक्षा केलेल्या पोरासारखा.

"इथे काय करतोस?"

"आत्याची कोंबडी खाली गेली. तुम्ही याल म्हणून थांबलोय."

"मग तोंड तिकडे का?"

"दुसऱ्याच्या खड्ड्यात बघायचं नसतं. बाउरोने सांगितलंय."

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. मी खाली उतरून कोंबडी धरली, वर आले, तिचे पाय बांधले आणि म्हटलं, बस. बाकीचं सांगितल्याशिवाय ही कोंबडी आत्याला मिळणार नाही.

त्याने सांगितलं. तू खोलीच्या फरशीवर कोळशाने मानेआबा काढलास. खांब काढलेस, वळचण काढलीस, आणि त्याला डोळे मिटून आपल्या जागेवर चालत जायला लावलंस. चुकला की पुन्हा. शेजारचे म्हणायचे, ह्या दोघांना माती लागली, म्हणजे फॉस्फेटची धूळ डोक्यात गेली. गाणं मात्र तुझं नाही. ते बाबांनी शिकवलं, समुद्राकाठी नेऊन, त्याच्या लहानपणी. असं तो म्हणतो.

तीन गोष्टी तू बजावल्यास. वळचणीखाली वाक. खड्ड्यात बघू नकोस. आणि माझ्या बहिणीकडे काही मागू नकोस.

"का?" मी विचारलं.

तो कोंबडीकडे बघत म्हणाला, "ती संशयी आहे म्हणाला. मागितलंस की म्हणेल, मागायलाच आला."

बाउरो, सतरा वर्षांत तू दुकानातून विकत घेणारा माणूस झालास. सगळं शिकवलंस त्याला, जागा, नाव, चालणं, आणि नेमकं ते तोडलंस ज्याने इथे माणूस ओळखतात. तोंड शिवून त्याला माझ्या दारात उभा केलास. पहिल्या दिवशी त्याने मीठ मागितलं असतं तर मी शिव्या देत दिलं असतं आणि एव्हाना सगळं संपलं असतं.

तू उत्तर का देत नाहीस, तेही मी विचारलं. म्हणाला, बाबा नौरू सोडताना तुझ्याकडून शपथ घेऊन गेले. बोलणार नाही, लिहिणार नाही. म्हणजे तुझ्या शपथेत तोंड होतं, कागद होता. माणूस पाठवायचा नाही, असं तीत नव्हतं. तू फट शोधलीस. लहानपणापासून तू असाच आहेस.

आणि आत्ताच का आला? म्हणाला, नौरूचं पोट कोरून होत आलंय. मजुरांना आपापल्या बेटावर परत धाडायच्या गोष्टी चालल्या आहेत. त्याला विचारलं, तुझं बेट कुठलं. त्याला सांगता आलं नाही.

मी कोंबडी दिली.

पण ऐक. मी अजून मानलेलं नाही. ज्याने खांब शिकवला त्याला बापही शिकवता येतो. शपथ झाली हेही तुम्हा दोघांचंच सांगणं. बाबा माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत, आणि हा खरा असेल तर ते माझ्याशी आयुष्यभर खोटं बोलले. दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवू? एक मेला आहे आणि एक लिहीत नाही.

आईला काही कळू दिलेलं नाही.

रोतिया


१० ऑगस्ट

बाउरो,

हे थोडक्यात लिहिते, बोट नांगर उचलतेय.

काल केवड्याची पानं सोलत आईजवळ बसले होते. ती म्हणाली, "त्या पोराची चटई आण एकदा."

मी म्हटलं, कोणत्या पोराची. तिने हात पुढे केला. मी जाऊन आणली. तिने मांडीवर घेतली आणि कडेवरून बोटं फिरवत गेली. एका कोपऱ्यावर थांबली.

"इथे मी चुकलेय. वारा सुटला होता आणि तू रडत होतीस, कशासाठी तरी."

मी हातातलं पान खाली ठेवलं.

"तुझे बाबा सुट्टीवर आले की जाताना एक चटई विणून मागायचे. लहान मापाची. पुढल्या खेपेला थोडी मोठी. नौरूत लहान मापाची चटई कोणाला लागते, सांग."

"तू विचारलं नाहीस?"

"उत्तर मागितलं असतं तर त्यांना द्यावं लागलं असतं," आई म्हणाली. चटई गुंडाळून माझ्या हातात दिली आणि पुन्हा विणायला लागली. मग म्हणाली, "पोरगा बारीक झालाय म्हणते ताबेरा. मासा धाडत जा."

आता मी लपवलं ते सांगते. त्या चटईची नक्षी मी पहिल्याच दिवशी मानेआबात ओळखली होती. आपल्या घराची काठाची नक्षी मला ओळखू येणार नाही? तुला लिहिलं नाही, कारण तू खरं बोलतोस का ते मला बघायचं होतं. शिवाय चटई चोरताही येते.

आईची चूक चोरता येत नाही.

गाण्याचं तिसरं कडवंही लिहिते. तुला ठाऊकच असणार.

दोन चुलींचा धूर,
डोळे माझे दोनच.

कोर्ट पंधरवड्यात येईल. खड्डा मात्र मी देणार नाही. तो कोणाचाही असो.

रोतिया


३१ ऑगस्ट

बाउरो,

कोर्ट येऊन गेलं. कोर्टाच्या घराचं छप्पर उतरवलेलं आहे, म्हणून मानेआबातच बसले. सगळं गाव आपापल्या जागी होतं. आपल्या जागेवर आई, मी, आणि थोडं मागे तो. चटई नव्हती आणली. मी सांगितलं होतं.

साहेब तारावाहून आलेले, तरुण, घाम पुसणारे. त्यांनी बाबांची जमीन वाचून दाखवली. माडांची पट्टी, आतल्या समुद्रापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत. बाबाईचा खड्डा एक. मग वर बघून विचारलं, मुलं किती?

सगळ्या माना आमच्या खांबाकडे वळल्या.

साहेबांनी नाकिबाएला विचारलं, तुझ्याकडे काही कागद? त्याच्याकडे नौरूचा एक कागद आहे, त्यावर आईचं नाव आहे आणि बापाच्या नावाची ओळ रिकामी आहे. साहेब म्हणाले, मग घरच्यांनी सांगायला हवं. माझ्याकडे वळले. "हा तुमच्या वडिलांचा मुलगा आहे, हे तुम्हाला मान्य आहे का?"

हो म्हटलं तर बाबांची गोष्ट आईच्या देखत, सगळ्या गावासमोर माझ्या तोंडून निघणार. नाही म्हटलं तर तो पुढच्या बोटीने जाणार, आणि जाणार कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. तेव्हाही त्याने मागितलं नाही. नुसतं नजरेनेही नाही.

मी म्हटलं, "साहेब, उत्तर देते. आधी मला त्याच्याकडे काही मागायचं आहे."

साहेबांना कळलं नाही. इओबी आजोबांना कळलं असावं. त्यांनी हात वर करून पोरांना गप्प केलं.

"नाकिबाए," मी म्हटलं, "बुबुती. खड्ड्यातला तुझा हिस्सा मला दे."

आधी ताबेरा आत्या हसली, मग इओबी आजोबा, मग सगळा मानेआबा. आपल्या माणसाकडेच मागतात, आणि हिस्सा असेल त्याच्याकडेच हिस्सा मागतात. मला जे बोलायचं नव्हतं ते सगळं बोलून झालं होतं.

तो गोंधळला. तू शिकवलंस त्यात हे नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. आईला दिसत नाही, पण ती म्हणाली, "नाही म्हणता येत नाही बाळा. म्हणून टाक."

"दिला," तो म्हणाला.

साहेबांनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून घेतलं आणि लिहिलं. माडांच्या पट्टीवर तीन नावं. खड्ड्यावर दोन, माझं आणि तुझं. तुझ्या हिश्श्याचं नंतर बघू. गावात बोलतात, रोतियाने भाऊ केला आणि खड्डाही राखला. बोलू देत. खोटं नाही.

त्या संध्याकाळी तो आला. ओट्यापाशी उभा राहिला, बसला नाही. एक पाय दुसऱ्यावर घासत होता. बराच वेळ माडीबद्दल बोलला, वाऱ्याबद्दल बोलला. रुआता मला खुणावत होता. मी मुद्दाम गप्प राहिले.

शेवटी म्हणाला, "ताई, थोडं मीठ आहे का?"

मी दिलं. शिव्या देऊन दिलं.

तेव्हापासून थांबलेला नाही. दुसऱ्या दिवशी गळ. मग रुआताची चांगली सुरी. मग तू पाठवलेलं फुलाफुलांचं कापड, जे मी अजून एकदाही नेसले नव्हते. ते आता आत्या नेसून फिरते, म्हणजे तिने त्याच्याकडे मागितलं. आणि आज सकाळी त्याने काय मागितलं असेल? खड्ड्यात काम करायचं. बुबुती म्हणाला, अगदी रीतीने. मी नाही कशी म्हणणार? तो उतरला, कंबरेएवढ्या चिखलात, आणि पहिल्यांदा खड्ड्याकडे तोंड केलं. मुळाभोवती पानं कशी बांधायची ते मी दाखवलं. मातीत काय मिसळायचं ते दाखवलं नाही. ते कळायला अजून काही वर्षं जातील. मी संशयी आहे, तू खोटं सांगितलं नाहीस.

आता तुझं.

तू सतरा वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाहीस. खोकी पाठवलीस. देतो आणि मागत नाही, अशा माणसाला काय म्हणतात ते रुआताने एप्रिलमध्येच सांगून ठेवलं आहे. तू साहेब झालास की दुसरं काही, मला इथून दिसत नाही. बाबांना पुरताना तू आला नाहीस. तेव्हा मला वाटलं तुला काही वाटलं नाही. आता वाटतं, आईसमोर बसून गप्प राहायचं तुला जमलं नसतं. पण तेही मी माझ्या मनाने लिहिते आहे. तुझ्याकडून एक ओळ नाही.

तेव्हा मीच मागते. बुबुती, बाउरो. ये.

खोकं नको, कापड नको. आईला दिसत नाही, पण तू वळचणीखाली वाकलास की तिला पावलं कळतील. तिसऱ्या खांबापाशी चौघं मावतात. आम्ही बसून पाहिलं, थोडं सरकावं लागतं.

हे पत्र मी कोणाच्या हाती चोरून देत नाही. मानेआबात उभ्या गावासमोर मोठ्याने वाचलं, मग ह्या ओळी खाली जोडल्या. आई ऐकत होती. मागणं सगळ्यांनी ऐकलं आहे.

रोतिया